भडंगाला बाईचं पाकीट वेगळं आणि पुरुषाचं वेगळं कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीजवळ एका ताईंचा आणि त्यांच्या जावेचा भडंग, चिवडा, शेव करायचा छोटा कारखाना आहे. आजवर माल साध्या पारदर्शक पिशवीतून जायचा, आता छापील पाकीट करायचं आहे. डिझायनरने भडंगाची दोन पाकिटं सुचवली आहेत. एक गुलाबी, त्यावर फुलांची वेल आणि ‘खास तिच्यासाठी डाएट भडंग’, कमी तिखट, ४० ग्रॅम. दुसरं काळं, त्यावर पिळदार मिशांचा पैलवान आणि ‘मर्दानी भडंग’, जास्त तिखट, ५० ग्रॅम. किंमत दोन्हींची २० रुपये. दिरांना कल्पना आवडली आहे, कॉलेजात जाणाऱ्या मुलीला अजिबात पटलेली नाही. ताई विचारतात की धंद्याच्या दृष्टीने कोणाचं ऐकावं.

ताई, मुलीचं ऐका. भडंग दोन तिखटाचे जरूर करा, पण ही दोन पाकिटं छापू नका. खाण्याच्या पदार्थांची पाकिटं आणि जाहिराती करण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आहे आणि हा सल्ला मी बऱ्याच जणांना दिला आहे. तुम्ही धंद्याचं विचारलंत, म्हणून आधी पैशांचं सांगते.

रोटोग्रॅव्ह्युअर छपाईत, म्हणजे कोरलेल्या धातूच्या रुळांनी पाकिटाच्या रोलवर छापण्यात, प्रत्येक रंगाला वेगळा सिलिंडर (रूळ) लागतो. सात रंगांचं पाकीट म्हणजे सात सिलिंडर. एकावर वेल आणि दुसऱ्यावर पैलवान अशी दोन पूर्ण वेगळी डिझाइन्स असली तर सिलिंडरचे दोन पूर्ण संच आले. त्यात फिल्मवाला, म्हणजे पाकिटाचं प्लास्टिक छापून देणारा, कमीत कमी काही शे किलोंची ऑर्डर मागतो. रिकामं पाकीट साधारण ३ ग्रॅमचं धरलं, तर ३०० किलोत लाखभर पाकिटं होतात. एका डिझाइनची लाख पाकिटं खपवणं नव्या ब्रँडला जड जातं. दोन डिझाइन्स केली आणि त्यातलं एक चाललं नाही, तर ते रोल गोडाऊनमध्ये पडून राहतात आणि तुमचं खेळतं भांडवल त्यात अडकतं. माझ्या पाहण्यातले लहान कारखाने माल वाईट म्हणून जितके अडचणीत येतात, त्याहून जास्त पडून राहिलेल्या छापील रोलमुळे येतात.

मग दुकानदार. मिरजेचा किंवा इचलकरंजीचा किराणावाला नव्या ब्रँडला एक खिळा देतो, एकच लड टांगतो. दोन पाकिटं पुढे केलीत तर तो म्हणेल, जास्त जाणारं एक द्या. म्हणजे तुमच्या निम्म्या गिऱ्हाइकाला ‘हे तुमचं नाही’ असं लिहिलेलं पाकीट दुकानात टांगलेलं दिसणार.

आणि आपल्याकडे पाकीट फुटतं कसं, तेही बघा. घरात भडंगाचं पाकीट फोडलं की ते ताटलीत ओततात, वर कांदा-कोथिंबीर, लिंबू, आणि घरातले सगळे भोवती बसतात. चहाबरोबर सासरे खातात, मुलं खातात, शेजारीण आली तर तीही खाते. आणणारं माणूस एक असतं, खाणारी पाच. ‘खास तिच्यासाठी’ लिहिलेलं पाकीट यातलं नेमकं कोणी आणि कोणासाठी उचलायचं?

आता डिझायनरबद्दल. त्याने हे हवेतून आणलेलं नाही. मोठ्या कंपन्यांनी या वाटेवर भरपूर पैसा घातला आहे आणि त्यातून काय निघालं ते तुम्हाला माहीत असलं पाहिजे.

अमेरिकेत फ्रिटो-लेने २००९ मध्ये बायकांना डोळ्यांसमोर ठेवून आपल्या बेक्ड चिप्सची पाकिटं बदलली. चकचकीत पिवळा रंग काढला, मॅट बेज आणला, चिप्सच्या बरोबरीने आतल्या जिन्नसांची चित्रं आली. त्यामागचं गृहीतक असं होतं की बाईला चिप्स खाताना अपराधी वाटतं, म्हणून पाकिटाने तिला दिलासा द्यावा. त्याच कंपनीची मालक पेप्सिको. तिच्या तेव्हाच्या प्रमुख इंद्रा नूयी २०१८ च्या सुरुवातीला एका रेडिओ मुलाखतीत म्हणाल्या की बायकांना चारचौघांत कुरकुर आवाज करत खायला, बोटं चाटायला, पाकिटाच्या तळाचा चुरा तोंडात ओतायला आवडत नाही. म्हणून कमी आवाजाचे, बोटांना मसाला कमी चिकटणारे, पर्समध्ये मावतील असे पदार्थ करता येतील. डोरिटोज हे पेप्सिकोचेच चिप्स, त्यामुळे दोन-चार दिवसांत जगभर ‘लेडी डोरिटोज’ म्हणून गदारोळ झाला. कंपनीला जाहीर करावं लागलं की असं कुठलंही उत्पादन येत नाही आणि बायकांसाठीचे डोरिटोज आधीपासूनच आहेत, त्यांचं नाव डोरिटोज.

नूयींनी जे निरीक्षण सांगितलं ते खोटं नव्हतं. चारचौघांत मोठ्याने खायला कित्येक बायका संकोचतात. पण तो संकोच आला कुठून? ‘मुलीच्या जातीने असं खाऊ नये’ हे लहानपणापासून कानावर पडल्यामुळे आला. कंपनीने त्या संकोचालाच आवड मानलं आणि त्याच्या मापाचं उत्पादन शिवायला घेतलं. माझा आक्षेप नेमका तिथे आहे. कुरकुरीतपणाची ओढ जिभेला आणि कानाला असते, ती बाई-पुरुष बघत नाही. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि मॅसिमिलियानो झाम्पिनी यांचा प्रयोग आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी लोकांना बटाट्याचे चिप्स चावायला दिले आणि चावण्याचा आवाज हेडफोनमधून वाढवून त्यांनाच ऐकवला. आवाज वाढला की तेच चिप्स लोकांना जास्त ताजे, जास्त कुरकुरीत वाटले. २००८ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसू आणणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला दिलं जाणारं गमतीचं पारितोषिक, मिळालं. आवाज म्हणजे ताजेपणाची खात्री. तो कमी केलात तर तुमचा भडंग सादळल्यासारखा वाटेल.

आपल्या घरचंच उदाहरण घ्या. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्याचं लिज्जत झालं. आज सुमारे ४५,००० बहिणी तिथे सभासद आहेत आणि सभासद म्हणजेच मालक. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. टीव्हीवर ही संस्था ओळखली जाते ती रामदास पाध्यांच्या बाहुल्यांतल्या सशामुळे आणि पापड मोडण्याच्या त्या खणखणीत आवाजामुळे. बायकांनी बायकांच्या मालकीची संस्था उभी केली आणि माल विकला तो कुर्रम आवाजावर.

एक गोष्ट मात्र मी लपवणार नाही. ठोकळेबाज पाकीट, म्हणजे बाई-पुरुषांबद्दलच्या ठरलेल्या समजुतींवर बेतलेलं पाकीट, कधीकधी चालतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे ल्यूक झू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मफिन एकच, पाकिटं वेगवेगळी. नाजूक चित्राबरोबर ‘हेल्दी’ किंवा रांगड्या चित्राबरोबर ‘मेगा’ अशी ठरलेली जोडी जुळली, की लोकांना तोच मफिन जास्त चविष्ट लागला. जोडी उलटी केली की चव उतरली. पण त्यांनी जेव्हा पाकिटावर उघडच लिहिलं की हा मफिन खऱ्या पुरुषांसाठी आहे, तेव्हा तो परिणाम टिकला नाही. लोकांना ढकललेलं आवडत नाही. तुमच्या डिझायनरचं ‘मर्दानी’ आणि ‘खास तिच्यासाठी’ या उघड प्रकारात बसतं, त्यामुळे नफ्याचा हिशेबसुद्धा त्याच्या बाजूने नाही.

उघड लिहिण्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ब्रिटनमधलं यॉर्की चॉकलेट. १९७६ मध्ये राउनट्री कंपनीने ते जाड, दणकट बार म्हणून बाजारात आणलं आणि जाहिरातीत ट्रक ड्रायव्हर दाखवला. पुढे ते नेस्लेकडे आलं आणि २००१-०२ पासून वेष्टनावर ‘मुलींसाठी नाही’ अशी ओळ छापली गेली, नावातल्या गोल अक्षरात बाईच्या चित्रावर काट मारलेली. खूप चर्चा झाली, खूप तक्रारी झाल्या, आणि दहाएक वर्षांनी ती ओळ गेली. दुसऱ्या टोकाला त्याच देशात फ्लेक या चॉकलेटच्या जाहिराती होत्या. बाई एकटी, डोळे मिटलेले, टबातलं पाणी वाहून चाललेलं, आणि ती चॉकलेट खाते आहे. म्हणजे पुरुषाने चॉकलेट खाल्लं तर ते कष्टाचं इंधन आणि बाईने खाल्लं तर ते चोरटं सुख. भूक लागली म्हणून खाणारी साधी बाई दोन्हीकडे नाही.

पुरुषांचं या खेळात भलं होतं असं समजू नका. २०१० मध्ये अमेरिकेत स्निकर्सने जी जाहिरात केली, तिच्यात मैदानावर ढिला पडलेला तरुण म्हातारी अभिनेत्री बेटी व्हाइट होऊन दिसतो आणि चॉकलेट खाल्लं की परत पुरुष होतो. आपल्याकडच्या आवृत्तीत भुकेने चिडचिडा झालेला मुलगा रेखा किंवा ऊर्मिला मातोंडकर झाला. दोन्ही जाहिरातींनी लोक हसले, विक्रीही झाली असेल. पण वर्गातल्या हळव्या पोराला ‘बायकी’ म्हणून चिडवणारी मुलं तोच विनोद करत असतात. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने जून २०१९ मध्ये लिंगभेदाच्या ठोकळ्यांविरुद्ध नियम लागू केला, आणि ऑगस्टमध्ये ज्या पहिल्या दोन जाहिराती थांबवल्या त्यातली एक फिलाडेल्फिया चीजची होती. तिच्यात दोन बाप खाण्याच्या नादात आपली तान्ही बाळं हॉटेलातल्या फिरत्या पट्ट्यावर विसरतात. बापाला मूल सांभाळता येत नाही, हाही एक ठोकळाच, आणि तो पुरुषांवरचा आहे.

हे सगळं परदेशातलं. तिकडे पदार्थ वाटून दिले जातात: हे त्याचं, हे तिचं. आपल्याकडचं वाटप निराळं आहे आणि मला ते जास्त खोल वाटतं. आपल्याकडे पदार्थ एकच असतो, कामं वाटून दिलेली असतात. ती तळते, ती वाढते, ती बघत उभी राहते. तो आणि मुलं खातात.

कुठलीही फराळाची, नूडल्सची, बिस्किटांची जाहिरात आवाज बंद करून बघा. पहिला घास कोण घेतं, ताटली कोणाच्या हातात आहे, बसलेलं कोण आणि उभं कोण, एवढंच बघा. आई हसत हसत बघते, कोणीतरी ‘वा’ म्हणतं, आणि तिचं समाधान त्या ‘वा’मध्येच संपतं. नोकरीवरून दमून आलेली आई दाखवली तरी बॅग खाली ठेवून ती गॅसकडेच वळते. ज्या समाजात कांदेपोह्यांची ताटली हातात देऊन मुलगी पाहुण्यांसमोर उभी केली जाते आणि तिच्या पोह्यांवरून तिचं माप काढलं जातं, तिथे ही ताटली साधी राहत नाही.

हे मला पुण्यातल्या एका शूटमध्ये अगदी स्पष्ट दिसलं. एका चिवडेवाल्याचं काम होतं. शॉट ठरला होता असा: हिरव्या बांगड्यांचा हात ताटली पुढे करतो, मनगटावर घड्याळ असलेला हात मूठभर चिवडा उचलतो. मी म्हटलं, ताटली टेबलावर ठेवू या आणि तीन-चार हात एकदम येऊ देत, त्यात बांगड्यांचाही. मालक भले गृहस्थ होते, पण दचकले. म्हणाले, “मॅडम, बाई खाताना दाखवली तर अधाशी वाटेल हो.” हे ते अगदी सहज, काळजीपोटी बोलले. त्यांच्या कारखान्यात चिवडा परतणाऱ्या, पाकिटं भरणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. आम्ही दोन्ही शॉट घेतले आणि शेजारी शेजारी लावले. टेबलाभोवतीच्या हातांचा फोटो त्यांना स्वतःलाच जास्त आवडला, कारण त्यात चिवड्याची ताटली मधोमध होती आणि ती रिकामी होत चालली होती. विक्रीसाठी याहून चांगलं चित्र नसतं.

तुमच्या डिझायनरचा पैलवान आणि आपल्या पाकिटांवर हमखास दिसणारी नथवाली बाई ही जोडीही याच घडणीतली आहे. झणझणीत असलं की मिशा, पारंपरिक असलं की नथ. मिशीवाला खातो, नथवाली वाढते. तिखट सोसणं म्हणजे पुरुषार्थ, असं आपण मुलांना शिकवत आलो. तुमच्या घरातच बघा, ठेचा कोण जास्त खातं. आणि पैलवान घ्यायचाच असेल तर तुमच्याच सांगलीत मार्च २०२३ मध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली. त्या मातीतल्या पाकिटावर ताकदीचं चित्र म्हणून फक्त मिशा येत असतील, तर डिझायनरने गावाकडे नीट पाहिलेलं नाही. अर्थात कोणाही खेळाडूचं चित्र परवानगीशिवाय वापरू नका.

‘आईच्या हातची चव’ ही ओळसुद्धा तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. तिच्याबद्दल माझं मत कडक आहे. एक तर ती खरी नसते. घराबाहेरचं आपलं बहुतेक चटपटीत खाणं पुरुषांच्या हातचं असतं: भेळवाले, भजीवाले, मिसळवाले, आचारी. वडापावचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते अशोक वैद्य १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर गाडी लावत होते. त्या हातांच्या चवीला आपण आईचं नाव लावून टाकतो आणि स्वयंपाक करणारा पुरुष चित्रातून नाहीसा होतो. दुसरं जास्त महत्त्वाचं. जिथे खरोखर बायका काम करतात तिथे ही ओळ त्यांच्या कामाला माया म्हणते, आणि मायेला मजुरी द्यावी लागत नाही. तुमच्याकडे बायका पहाटेपासून चुरमुरे चाळतात, लसूण सोलतात, फोडणी सांभाळतात, हिशेब लिहितात. ते कसबाचं काम आहे, त्याला पगार आहे, त्यात नफा-तोटा आहे. तुम्ही दोघी उद्योजक आहात. पाकिटावर तसंच दिसू द्या.

आपल्याकडे वेगळं काही झालंच नाही, असं मात्र नाही. १९९४ ची कॅडबरी डेअरी मिल्कची क्रिकेटची जाहिरात आठवा. फलंदाज षटकार मारतो आणि मैत्रीण सुरक्षारक्षकाला चुकवून मैदानात नाचत शिरते. तोवर चॉकलेट म्हणजे लहान मुलांचा खाऊ होता. इथे एक मोठी बाई स्वतःसाठी, बिनधास्त खाताना दिसली. २०२१ मध्ये त्याच कंपनीने तीच जाहिरात उलटी केली: खेळाडू ती, नाचत येतो तो. सत्तावीस वर्षांनी अदलाबदल इतकी सहज बसली, याचं कारण मूळ जाहिरातीत कोणी कोणाला वाढत नव्हतं. १९९९ मध्ये आलेल्या कुरकुरेने पुढे जुही चावलाला घेतलं, तेव्हाही ती गृहिणीच होती, पण ती स्वतः कुरकुर आवाज करत खायची, टिंगल करायची, घर डोक्यावर घ्यायची. गृहिणी दाखवली म्हणून चित्र मागासलेलं होत नाही. तिला काय करायला लावलंय ते बघायचं.

आपल्या जाहिरात मानक परिषदेचंही, म्हणजे एएससीआयचंही, साधारण हेच म्हणणं आहे. १९८५ मध्ये मुंबईत सुरू झालेली ही उद्योगाची स्वतःची संस्था. तिने जून २०२२ मध्ये लिंगभेदाच्या घातक ठोकळ्यांबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. बाई घरकाम करताना दाखवायला त्यात मनाई नाही. पण ते काम फक्त बाईचंच आहे असं सुचवणं, सगळं घर पसारा करतंय आणि आवरते ती एकटीच हे गमतीने दाखवणं, किंवा ठरलेल्या साच्यात न बसणाऱ्या माणसाची टर उडवणं, हे चालत नाही. लहान ब्रँडलाही कोणी तक्रार करू शकतं, हे लक्षात असू द्या.

गुलाबी पाकिटाकडे परत येते, कारण त्यात आणखी दोन अडचणी आहेत आणि त्या तुम्हाला थेट भोवतील.

पहिली, वजन. २० रुपयांत ५० ग्रॅम म्हणजे ग्रॅमला ४० पैसे. २० रुपयांत ४० ग्रॅम म्हणजे ग्रॅमला ५० पैसे. बाईचं पाकीट २५ टक्के महाग झालं, तेही तिखट कमी घालून. आता पाकिटांवर ग्रॅममागे किंमत छापली जाते, त्यामुळे हे शेजारी शेजारी उघडं दिसेल. एखाद्या मुलीने मोबाइलवर फोटो काढून टाकला की तुमचं नाव कशासाठी पसरेल ते तुम्हीच ठरवा.

दुसरी, ‘डाएट’. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या दाव्यांच्या नियमांत घन पदार्थाला ‘लो फॅट’ म्हणायचं तर १०० ग्रॅममागे ३ ग्रॅमपेक्षा जास्त स्निग्ध पदार्थ चालत नाहीत. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. तुमच्या १०० ग्रॅम भडंगात १५ ग्रॅम शेंगदाणे असले, तरी ७ ग्रॅम फक्त त्यांचेच झाले, फोडणीचं तेल वेगळं. ‘डाएट’ वाचलं की गिऱ्हाईक त्याचा अर्थ कमी तेलाचं असाच घेतं, आणि तुमच्याकडे ते सिद्ध करायला काही नाही. शिवाय हा शब्द फक्त बाईच्या पाकिटावर का? मधुमेह आणि रक्तदाब काय दिरांना होत नाहीत? पन्नाशीच्या पुरुषाला कमी तेलाचं खायचं असेल, तर त्याने फुलांची वेल असलेलं गुलाबी पाकीट मागताना संकोचायचं का? मिठाचं, तेलाचं प्रमाण खरोखर कमी करता आलं तर जरूर करा आणि आकडा लिहा, सगळ्यांसाठी.

लहान मुलांबद्दल एकच सांगते, कारण तुमच्या लडी शाळेजवळच्या दुकानांतही लागतील. बारामतीच्या कारखान्यात बनणारं किंडर जॉय आपल्याकडे मुलींचं गुलाबी आणि मुलांचं निळं असं विकलं गेलं आहे. आतलं चॉकलेट तेच, खेळणं वेगळं. कोथरूडच्या एका दुकानात पाच-सहा वर्षांच्या मुलाने गुलाबी उचललं, त्याला त्यातलं खेळणं हवं होतं. दुकानदार प्रेमानेच म्हणाला, “अरे, ते मुलींचं.” मुलाने ते लगेच ठेवलं आणि निळंही घेतलं नाही. आईचा हात धरून गप्प निघाला. त्याला काय वाटलं असेल, याची मला आजही काळजी वाटते. आणि धंद्याच्या बाजूने बघितलं, तर गल्ल्यापर्यंत आलेलं गिऱ्हाईक पाकिटाच्या रंगाने परत गेलं.

आता काय करायचं ते सांगते. दिरांचा एक मुद्दा बरोबर आहे, पाकीट लांबून उठून दिसलं पाहिजे. ते तिखटाच्या फरकाने करा. ‘भडंग मध्यम’ आणि ‘भडंग झणझणीत’. मध्यमाला हळदीचा पिवळा, झणझणीताला मिरचीचा गडद लाल, आणि कोपऱ्यात एक मिरची की तीन मिरच्या, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही कळेल. वजन दोन्हींचं सारखं. मांडणी दोन्हीकडे तंतोतंत तीच ठेवा. मग पार्श्वभूमीचा आणि फार तर नावाचा सिलिंडर बदलावा लागतो, बाकीचे दोन्ही पाकिटांना चालतात. सिलिंडरचा खर्च बराच खाली येईल. ऑर्डर देण्याआधी फिल्मवाल्याशी हे स्पष्ट बोला आणि डिझायनरला त्या हिशेबाने फाइल करायला लावा, कारण ती रचना आधीच ठरवावी लागते.

दर्शनी बाजूला भडंगाचाच फोटो घ्या, जवळून. तळलेल्या लसणाच्या पाकळ्या, शेंगदाणा, कढीपत्ता दिसला पाहिजे. माणूस दाखवायचाच असेल तर हात दाखवा, एकापेक्षा जास्त, आणि सगळे खाणारे. पारदर्शक खिडकीचा मोह टाळा. उजेडाने शेंगदाण्याचं तेल लवकर खवट होतं आणि चुरमुरे सादळू नयेत म्हणून मेटलाइज्ड थर, म्हणजे आतला चंदेरी धातूचा थर, सलग असलेला बरा. मागच्या बाजूला तुमचं आणि जावेचं नाव उत्पादक म्हणून ठळक टाका, त्याखाली दोन ओळी: कारखाना कुठे आहे, चुरमुरे कुठले, किती वर्षं हे करताय. नथ नको, वेल नको, आईची माया नको. तुमची नावं पुरेशी आहेत.

सिलिंडर खोदायला देण्याआधी डिजिटल छपाईवर थोडी पाकिटं करून घ्या. पाकीट महाग पडेल, पण चूक स्वस्तात सापडेल. ती चार-पाच दुकानांत टांगा: एक बसस्टँडजवळचं, एक कॉलेजजवळचं, एक वस्तीतलं, आणि एक वाइन शॉपशेजारचं, जिथे चखणा म्हणून शेव-शेंगदाणे जातात. तिथे फक्त झणझणीत जाईल असं दीर म्हणतील. दोन्ही टांगा आणि आठवड्याने दुकानदाराला विचारा, कुठलं गेलं आणि कोणी नेलं. घरच्यांना विचारू नका, ते तुमचं मन राखतील. मुलीला मात्र या फेरीवर बरोबर न्या आणि वहीत नोंदी तिलाच करू द्या, कारण पाकिटावर काय खटकतंय ते घरात तिने सगळ्यांच्या आधी ओळखलं.